जोडव्यांची टकटक

सुनेच्या कपाळावरची पट्टी बिघडली म्हणून अनसूयाबाईंनी स्वतःच ती बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. ऑफिसने दिलेली ही पट्टी, घरून संगणकावर काम करताना मन लागलं की हिरवी व्हायची, लक्ष उडालं की लाल. मृदुलाची बढती त्या रंगावरच ठरणार होती, आणि पट्टी दिवसातून वीसदा लाल होत होती.

"जाऊ द्या ना आई, पट्टीच खराब आहे," मृदुला म्हणायची.

"जाऊ द्या काय? या घरात तुझं लक्ष उडवणारं आहे कोण? बसल्या जागी चहा देते मी!"

कंपनीचा माणूस आला, तशा शेजारच्या कुसुमताईही तमाशा बघायला आल्या. त्याने पट्टीत साठलेले आवाज ऐकवले. दर वेळी लाल होण्याआधी एकच आवाज होता, फरशीवरची टकटक.

"पट्टी ठीक आहे. हे काय वाजतंय?" त्याने विचारलं.

"अहो अनसूयाबाई, जरा चालून दाखवा बरं," कुसुमताई त्यांच्या जोडव्यांकडे बघत म्हणाल्या.

अनसूयाबाई एक पाऊल मागे सरल्या. टक. मृदुलाच्या कपाळावर लाल उजेड पडला आणि तिने मान खाली घातली. पोरीला सगळं ठाऊक होतं. सासूची अब्रू झाकायला ती पट्टीला नावं ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी अनसूयाबाई जोडव्यांना कापूस गुंडाळून चहा घेऊन दारात आल्या. पट्टी हिरवीच राहिली. त्या स्वतःच्या घरात चोरासारख्या उभ्या राहिल्या; "चहा घे गं" म्हणायचं त्यांचं धाडस झालं नाही.