चार बोटं

सुतार बाबांनी दोन वर्षं खपून लाकडी दुर्बीण घडवली. पुढे डोळे अधू झाले, म्हणून लेकाने तिला कॅमेरा जोडून चंद्र टीव्हीवर दाखवायचा घाट घातला. चंद्र उकडलेल्या बटाट्यासारखा दिसला. दुर्बिणीच्या नळीच्या तळाशी बसवलेल्या आरशापासून कॅमेरा चार बोटं लांब पडत होता. बाबा घोरत असताना पठ्ठ्याने नळीच चार बोटं कापली. संध्याकाळी चंद्र लख्ख! बाबा हरखले, मग नळी चाचपून म्हणाले, “मोजून कापलीस ना?” “तीनदा.” “शाब्बास.” त्यांनी कॅमेऱ्याखालचा चार बोटांचा जोड फिरवून काढला. “हा डोळ्याने बघताना लावायचा, कॅमेरा जोडताना काढायचा.” लेकाला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं; धरणी मात्र दुभंगेना. लेकाने सोफ्याखाली दडवलेलं नळीचं कापलेलं कडं बाबांनी बाहेर काढलं, टेबलावर ठेवून त्यात पेन्सिली उभ्या केल्या. “वाया काही गेलं नाही.” त्यांनी कडं उचललं, तर बूडच नव्हतं; पेन्सिली घरंगळून खाली पडल्या. लेक खाली मान घालून पेन्सिली वेचत राहिला.