ओघळलेला थेंब

"मी हात लावणार नाही," धाकटीने बजावलं आणि खुर्ची ओढून ती स्वयंपाकघराच्या दारातच बसली. "सल्लाही देणार नाही. तोंडाला कुलूप."

"तुझ्या तोंडाला? बघू किती वेळ टिकतं," थोरली म्हणाली.

पैज साधी होती. थोरलीचे डोळे जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तिचा नवरा, रंगारी, जाऊन तीन आठवडे. न दिसणाऱ्या बहिणीला एकटं सोडून जायला धाकटीचं मन धजत नव्हतं. चल माझ्याकडे, चल माझ्याकडे, असा तिने धोशा लावला होता. थोरलीला हे घर सोडायचं नव्हतं. जीव गेला तरी नाही. शेवटी ठरलं ते असं: संध्याकाळच्या चहाबरोबर खायच्या कुकीज थोरलीने एकटीने करून दाखवायच्या. जमल्या तर धाकटी उद्याच्या गाडीने आपल्या घरी. नाही जमल्या तर दोघी.

आता कुकीज करणं म्हणजे काही गड जिंकणं नव्हे. केक मिक्सचं एक खोकं, दोन अंडी, अर्धा कप तेल. रंगारी म्हणायचा, यात आपली अक्कल चालवायला जागाच नाही, म्हणून तर कधी बिघडत नाही. थोरलीने खोकं फोडून पातेल्यात उपडं केलं. अंडी वेगळ्या वाटीत फोडली, टरफल राहिलं नाही ना ते बोटाने पाहिलं. तेल ओतताना कपात बोटाचं पेर धरून ठेवलं आणि ते बुडताच हात थांबवला. पीठ कालवून लिंबाएवढे गोळे वळले, ट्रेमध्ये चार-चार बोटं अंतर सोडून मांडले. बारा झाले. हाताला चिकटलेलं पीठ तिने मुद्दाम, धाकटीकडे तोंड करून चाटलं.

मग ती ओव्हनकडे वळली.

डोळे गेले त्या वर्षी रंगाऱ्याने ओव्हनच्या पत्र्यावर, बटणाशेजारच्या नेमक्या आकड्यावर, ऑइलपेंटचा एक थेंब टाकून दिला होता. बटणाचं टोक थेंबासमोर आणायचं, की झालं. थेंब जरा जास्तच पडला, ओघळला आणि शेपटीसकट वाळला. तेव्हा थोरलीने त्याची काय चेष्टा केली होती! "चाळीस वर्षं भिंती रंगवल्यात, आणि एवढासा थेंब ओघळू दिलात?"

"ओघळू दिला म्हणजे? मुद्दाम केलाय," रंगाऱ्याने ठोकून दिलं होतं. "शेपटी धरून वर यायचं. चुकायचं कामच नाही."

थोरलीने खालून वर बोट नेलं. पत्रा गुळगुळीत होता. तिने परत नेलं. मग बटणाच्या डाव्या अंगाला, उजव्या अंगाला, सगळीकडे.

"काय शोधतेस गं?" दारातलं कुलूप निघालं.

"इथे थेंब होता एक."

"तो पिवळा डाग होय?" धाकटीचा आवाज खुलला. "सकाळी तू अंघोळीला गेलीस ना, तेवढ्यात ओव्हन घासून काढला. म्हटलं आज ताईची परीक्षा, निदान ओव्हन तरी लखलखीत असू दे. पण तो डाग काही केल्या निघेना. शेवटी भावोजींच्या सामानातलं थिनर लावलं, तेव्हा कुठे..."

बोलता बोलता तिची नजर पत्र्यावर चाचपडणाऱ्या त्या बोटावर गेली.

थोरली ओव्हनला पाठ टेकून फरशीवर बसली. तीन आठवड्यांत ती कुणासमोर रडली नव्हती. आता रडली, मोठ्याने, लहान मुलीसारखी. "त्यांच्याच थिनरने?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. "अगं, त्यांच्याच?"

"माझे हात का झडले नाहीत गं, ताई," धाकटी म्हणाली आणि तीही शेजारी येऊन बसली.

बऱ्याच वेळाने धाकटी उठली. पर्समधून नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. खोक्यावरचा आकडा तिने मोठ्याने वाचला, एकशे पंच्याहत्तर, आणि ओव्हनवर त्या आकड्यावर थेंब ठेवला. वाळेपर्यंत ती फुंकर घालत राहिली. मग परत खुर्चीत जाऊन बसली. पैज अजून चालू होती.

थोरलीने थेंब आपला आपण शोधला. बटण फिरवलं, ओव्हन तापू दिला, ट्रे आत सरकवला. दहा-बारा मिनिटं गेली. वास हवा तसा आला तेव्हा तिनेच कापड धरून ट्रे बाहेर काढला आणि ओव्हन बंद केला.

कुकीज उत्तम झाल्या होत्या. कडेला खुसखुशीत, मधे मऊ. धाकटीने दोन खाल्ल्या. दुसरी खाताना तिचं नाक सुरसुरत होतं.

"जिंकलीस," ती म्हणाली. "उद्या निघते मी. बाटली ठेवून जाते, पुसट झाला तर शेजारणीकडून लावून घे. नीट लागलाय ना गं? अगदी जपून लावलाय. जराही ओघळू दिला नाही, बघ."

"छान लागलाय," थोरली म्हणाली.

ती अजून ओव्हनपुढेच उभी होती, आणि तिचं बोट थेंबाच्या खाली, कोमट पत्र्यावरून, वरखाली फिरत होतं.