पाहुण्यांचं दार

चहाच्या खोलीचं दार मुद्दामच बुटकं. एकेकाळी सरदारालाही तिथून रांगतच यावं लागे. म्हातारा तोकुजीही गुडघ्यांवर रांगत आत आला, तशी कियोएबाईंनी वाकून त्याचं स्वागत केलं.

"पहिल्यांदाच आलात ना कानाझावाला? सावकाश बसा. इथे सगळे मन शांत करायलाच येतात."

हिरवा चहा घुसळताना त्यांचा हात जराही चुकला नाही. तोकुजीने वाडगा दोनदा फिरवला, चहा संपवला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "वाडगा सुरेख आहे. कुणी घडवला?"

"आमच्या ह्यांनी. जाऊन बरीच वर्षं झाली. तिरसट माणूस, पण हातात जादू."

"फारच तिरसट होते का?"

"विचारूच नका!" त्या हसल्या. "पण तुमचं त्यांच्याशी मेतकूट जमलं असतं."

निघताना त्या म्हणाल्या, "आमच्यात म्हणतात, अशी भेट आयुष्यात एकदाच होते."

 

तोकुजी बाहेर आला, घराला वळसा घालून चाहूल न देता मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरला आणि त्याने रोजच्यासारखे दोघांचे तांदूळ धुतले. लग्न झाल्यापासून कियोएला भात मऊच लागतो, म्हणून पाणी जरा जास्तच घातलं.