दोन दातांची मेंढी

मेंदूतल्या गाठीनं सिद्धूआबांची नजर गेली. "जवळ जनावर असलं की जीव रमेल," डॉक्टर म्हणाले. साखरबाईनं कळपातली कोकरी नवऱ्याच्या खाटेशी बांधली. रोज अंगठ्यानं तिचे दात चाचपत आबा म्हणायचे, "हिला दोन पक्कं दात आलं, की मी सुखानं जाईन." कोकरी वाढली, पण दात यायला चार महिने होते. आबांच्या घशाखाली पाणीही उतरेनासं झालं, तेव्हा साखरबाईनं पिंपळी गावच्या आपल्या भावाची दोन दातांची मेंढी आणून तिथं बांधली. आबांचा अंगठा दातांवर थांबला. चेहरा उजळला. मग बोटं सवयीनं कानाकडं गेली. साखरबाईनं पदर तोंडाशी धरला. घरच्या मेंढरांच्या कानाला ओळखीची खाच मारलेली असते, हेच ती विसरली होती. कोऱ्या कानावरून आबांनी दोनदा बोट फिरवलं. चाचपडत बायकोचा हात धरला. "आलं की गं दात. आता रडू नगं."