बशीतल्या पाण्यासारखा समुद्र

"कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या सकाळी समुद्र बशीतल्या पाण्यासारखा निवांत होता," बोटींचं वेळापत्रक आखणारे साहेब चौकशीत रंगवून सांगत होते. "दुरुस्तीला पाठवलेला हा गडी बोटीतून समुद्रातल्या पवनचक्कीच्या शिडीवर चढताना पडला, तो निव्वळ स्वतःच्या धांदरटपणामुळे."

प्लास्टरमधला पाय पुढे करून बसलेला तंत्रज्ञ आतल्या आत धुमसत होता. नोकरी गेल्यातच जमा होती.

त्याला आधार देत घेऊन आलेली त्याची बायको बंदरावरचं कँटीन चालवायची. ती उठून उभी राहिली.

"साहेब, मग त्याच सकाळी तुमच्या पाहुण्यांचे डबे का रद्द केलेत? 'लाटा फार आहेत, त्यांची बोट आज सोडत नाही,' असं फोनवर मला तुम्हीच म्हणालात ना?"