बारा मैफलींची आठवण

वर्षभरात सभागृहात बारा मैफली झाल्या आणि पियानो ट्यून करणाऱ्या म्हाताऱ्याने त्या बाराही शेवटच्या रांगेत बसून ऐकल्या. ऐकल्या कसल्या, जीव मुठीत धरून काढल्या. दरवेळी व्यवस्थापक बाई त्याच्या पियानोवर काठोकाठ भरलेली फुलदाणी ठेवायच्या. पाणी आत गेलं तर तारा गंजतील, लाकूड फुगेल, हे सांगून सांगून त्याची जीभ झिजली. "स्टेजला शोभा नको का, काका?" एवढं म्हणून बाई फुलं सारखी करायच्या. आज त्या लॅपटॉपवर वर्षाचा अहवाल लिहीत होत्या. "काका, सगळ्या मैफली फुकट ऐकल्यात. काय लक्षात राहिलं, दोन ओळी सांगा ना." त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने स्टेजवरची फुलदाणी आणली आणि लॅपटॉपच्या बटणांवर ठेवली. "अहो, पाणी सांडेल," बाई किंचाळल्या. तो म्हणाला, "हेच लिहा."