कोरे बूट

बाकावर बसून हसणाऱ्या राखीव खेळाडू नागुमोचा व्हिडिओ वीस लाख लोकांनी पाहिलाय. त्याच्या नावाचे टॉवेल घेऊन पोरी बँकॉकहून इथे जपानात, साकाताला येतात. मैदानात मात्र हंगामभर त्याला उतरवलं नाही. मी फुटबॉल क्लबात सगळ्यांचे बूट घासतो. त्याचे कोरेच असायचे, तरी रोज वाकून म्हणायचा, “काका, तुम्हाला त्रास देतो.” “दे की कधीतरी!” मी एकदा खेकसलो. आज शेवटच्या सामन्यात, दोन मिनिटं उरली असताना, पावसात त्याला उतरवलं. तो घसरला, चेंडू गेला, गोल खाऊन आम्ही हरलो. इंटरनेटवर त्याला शिव्या सुरू झाल्या. चिखलाने बरबटलेले बूट घेऊन तो माझ्यासमोर वाकला. “काका, आज खरंच त्रास देतोय.” दाराशी पोरी फोन रोखून ओरडल्या, “नागुमो, हस ना!” त्यांच्याकडे पाठ करून, बुटांकडे बघत, तो केव्हाचा हसत होता.